भाजलेल्या रुग्णाच्या रक्तात बुरशी सापडते तेव्हा: उपचारांचा क्रम

भोसरी, चाकण, पिरंगूट, रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यातून आणि जुन्नर-शिरूरपासून दौंड-इंदापूरपर्यंतच्या गावांतून गंभीर भाजलेले रुग्ण पुण्यात आणले जातात. जून २०२१ मध्ये पिरंगूटला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्याला लागलेल्या आगी पुणेकरांच्या लक्षात आहेत. बर्न वॉर्ड मात्र वर्षभर भरलेला असतो तो घरातल्या गॅसगळतीने, स्टोव्हच्या भडक्याने आणि विजेच्या धक्क्याने होरपळलेल्या माणसांनी. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या शॉकमधून रुग्णाला बाहेर काढण्याचे तंत्र आता चांगले रुळले आहे, त्यामुळे शरीराचा चाळीस-पन्नास टक्के भाग भाजलेला माणूसही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोचतो आणि तिथे त्याची गाठ जंतुसंसर्गाशी पडते. आधी जिवाणू येतात, त्यांच्यासाठी एकावर एक प्रतिजैविके चढतात, आणि त्या प्रतिजैविकांनी मोकळ्या करून दिलेल्या जागेत बुरशी वाढते.

हा लेख बर्न वॉर्डात व अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी, परिचारिकांसाठी आणि असे रुग्ण काही दिवस सांभाळून पुढे पाठवणाऱ्या तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांसाठी आहे. दिलेल्या मात्रा प्रौढांच्या आहेत. मुलांच्या मात्रा वजनावर किंवा शरीराच्या पृष्ठफळावर ठरतात आणि त्या बालरोगतज्ज्ञांशी बोलूनच द्याव्यात. सुरुवातीलाच एक गोष्ट ठासून सांगतो. रक्तातील बुरशीवर योग्य औषध वेळेत सुरू करणे अत्यावश्यक आहे, परंतु भाजलेल्या रुग्णात तेवढ्याने भागत नाही. औषध चालू असताना लाइन (शिरेत घातलेली नळी) तीच, जखम तशीच आणि पुन्हा कल्चर (रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) पाठवलेले नाही, अशी स्थिती असेल तर उपचार अर्धवट आहेत असेच समजावे.

संशय केव्हा घ्यावा

मोठ्या भाजण्यानंतर शरीराचा चयापचय आठवडेच्या आठवडे उधाणलेला असतो. अशा रुग्णाचे तापमान ३८ ते ३८.५ अंश सेल्सिअस असणे, नाडी शंभराच्या वर राहणे, पांढऱ्या पेशी वाढलेल्या असणे हे संसर्गाशिवायही घडते. म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तक्त्याचा कल पाहावा लागतो. अमेरिकन बर्न असोसिएशनने २००७ मध्ये ठरवलेले निकष या कामी उपयोगी पडतात: ३९ अंशांच्या वर किंवा ३६.५ अंशांच्या खाली गेलेले तापमान, ११० च्या पुढे वाढत जाणारी नाडी, २५ च्या पुढे वाढत जाणारा श्वसनाचा वेग, पहिले तीन दिवस उलटल्यानंतर एक लाखाखाली उतरलेल्या प्लेटलेट, पूर्वी मधुमेह नसताना २०० च्या वर गेलेली किंवा इन्शुलिनला दाद न देणारी साखर, आणि चोवीस तासांहून अधिक काळ नळीवाटे दिलेले अन्न न पचणे. यांतील शेवटच्या दोन खुणांकडे फार दुर्लक्ष होते. कालपर्यंत नळीचे अन्न नीट पचवणाऱ्या रुग्णाचे पोट आज फुगले आहे आणि इन्शुलिनचा वेग दुप्पट करावा लागला आहे, ही नोंद बहुधा सिस्टरच्या तक्त्यात सर्वांत आधी दिसते. तापाचा आलेख नंतर बदलतो.

हे निकष बुरशी आणि जिवाणू असा भेद करत नाहीत. बुरशीकडे बोट दाखवते ती रुग्णाची पार्श्वभूमी. व्यापक प्रतिजैविके आठवड्याहून अधिक काळ चालू आहेत, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आहे, शिरेवाटे पोषण चालू आहे, श्वासमार्ग भाजला आहे, डायलिसिस लागले आहे, मृत त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया लांबली आहे, आणि जखम, लघवी, श्वासनलिकेतील स्राव अशा दोन-तीन ठिकाणी कॅन्डिडा ही यीस्ट प्रकारची बुरशी वाढली आहे. असा रुग्ण प्रतिजैविक बदलूनही सुधारत नसेल तर चौथे प्रतिजैविक चढवण्याआधी बुरशीचा विचार झालाच पाहिजे. मात्र केवळ लघवीत किंवा थुंकीत कॅन्डिडा आला म्हणून शिरेवाटे बुरशीरोधक सुरू करू नये. तो बहुतेक वेळा तिथे नुसता वस्तीला आलेला असतो. अतिदक्षता विभागातील, ठिकठिकाणी कॅन्डिडा असलेल्या सेप्सिसच्या रुग्णांना अंदाजाने मायकाफंजिन हे बुरशीरोधक देऊन पाहणारी एक मोठी फ्रेंच चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात संसर्गमुक्त जगण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. त्यामुळे सरसकट प्रतिबंधात्मक औषध देण्याच्या बाजूने मी नाही. जोखीम मोठी असलेल्या आणि खालावत चाललेल्या रुग्णाला कल्चर पाठवून लगेच औषध सुरू करावे, आणि चार-पाच दिवसांत फरक पडला नाही व पुरावाही मिळाला नाही तर ते थांबवावे.

रक्त घेण्याची पद्धत

रक्तातील कॅन्डिडा कल्चरमध्ये सापडण्याचे प्रमाण ढोबळमानाने निम्मे आहे, आणि कमी रक्त घेतले की ते आणखी घसरते. प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त जायला हवे, आणि किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून दोन संच घ्यावेत. दोन्ही हात भाजलेल्या रुग्णात शीर मिळत नाही म्हणून चालू लाइनमधूनच दोन्ही संच घेतले जातात, आणि मग आलेला जंतू रक्तातला की लाइनच्या तोंडावरचा, हा वाद उरतो. पाऊल, घोटा, मांडीची आतली बाजू, काही वेळा टाळूजवळची शीर अशी न भाजलेली जागा ड्रेसिंग सोडलेले असतानाच शोधून ठेवावी. क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल लावल्यावर ते पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे निदान अर्धा मिनिट, थांबावे. बाटलीचे रबरी बूचही अल्कोहोलने पुसावे. एक संच लाइनमधून आणि एक शिरेतून एकाच वेळी घेतला, दोन्हींवर वेळ आणि जागा लिहिली, तर लाइनमधील बाटली यंत्रात दोन तासांहून अधिक आधी वाजल्यास, म्हणजे पॉझिटिव्ह दाखवल्यास, संसर्ग लाइनमध्ये असण्याची शक्यता वाढते. ही दोन ओळींची नोंद पुढचा निर्णय सोपा करते.

गावाकडच्या दवाखान्यातून शहरातील प्रयोगशाळेत बाटल्या पाठवायच्या असतील तर त्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत. साध्या तापमानाला ठेवून शक्य तितक्या लवकर यंत्रात जातील अशी व्यवस्था करावी.

बीटा-डी-ग्लुकन या, बुरशीच्या पेशीभित्तिकेतील घटक शोधणाऱ्या रक्तचाचणीबद्दल सावध राहायला हवे. सर्जिकल गॉजचा मोठा वापर, अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन आणि काही प्रकारचे डायलिसिस फिल्टर यांमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येते, आणि भाजलेल्या रुग्णाच्या अंगावर व शिरेत नेमक्या याच गोष्टी असतात. तिचा खरा उपयोग उलट बाजूने होतो. निकाल पुन्हा निगेटिव्ह आला तर अंदाजाने सुरू केलेले औषध थांबवण्याचे धैर्य त्यातून मिळते.

प्रयोगशाळेचा फोन येतो त्या दिवशी

बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सूक्ष्मजीवशास्त्र विभागातून फोन येतो: ग्रॅम स्टेनमध्ये कळ्या फुटलेल्या यीस्ट पेशी दिसत आहेत. रक्ताच्या कल्चरमधील कॅन्डिडा एकाच बाटलीत आला तरी तो भेसळ म्हणून सोडून द्यायचा नसतो. जात कळायला आणखी एक-दोन दिवस लागतील, पण पहिला डोस त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाभरात गेला पाहिजे. शनिवारी रात्री हा फोन आला तर औषध सोमवारी मिळेल, अशी परिस्थिती कोणत्याही बर्न युनिटमध्ये असू नये. म्हणून निदान दोन दिवसांचा साठा वॉर्डाच्या कपाटात ठेवण्याचा आग्रह मी धरतो.

पहिली निवड एकायनोकॅन्डिन गटातील औषधाची असते. अमेरिकेच्या संसर्गरोग संघटनेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात. कॅस्पोफंजिन पहिल्या दिवशी ७० मिग्रॅ आणि नंतर रोज ५० मिग्रॅ. किंवा मायकाफंजिन रोज १०० मिग्रॅ. किंवा अ‍ॅनिडुलाफंजिन पहिल्या दिवशी २०० मिग्रॅ आणि नंतर रोज १०० मिग्रॅ. फ्लुकोनाझोल स्वस्त आहे, हाताशी आहे आणि म्हणून मोह होतो; परंतु व्हेंटिलेटरवर किंवा रक्तदाब वाढवणाऱ्या औषधांवर असलेल्या, किंवा आधी अ‍ॅझोल (फ्लुकोनाझोलच्या गटातील औषध) घेतलेल्या भाजलेल्या रुग्णात सुरुवात त्याने करू नये. तिन्ही एकायनोकॅन्डिनच्या जेनेरिक कुप्या आपल्याकडे मिळतात आणि खर्च पूर्वीइतका आवाक्याबाहेर राहिलेला नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्या रुग्णांचे उपचार येतात, आणि धर्मादाय रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात. आरोग्यमित्राशी किंवा समाजसेवा अधीक्षकांशी बोलणे त्याच दिवशी सुरू करावे. कागदपत्रांची वाट पाहत पहिला डोस मात्र थांबवू नये.

औषध मिसळताना होणारी एक चूक टाळण्याजोगी आहे. कॅस्पोफंजिन डेक्स्ट्रोजमध्ये टिकत नाही, ते सलाइनमध्येच द्यावे लागते. अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीरोधकाचे बरोबर उलटे आहे: लायपोसोमल असो वा साधे, ते सलाइनमध्ये साका धरते, म्हणून पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यायचे आणि त्याआधी लाइनही डेक्स्ट्रोजनेच धुवायची. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनची कुपी इंजेक्शनच्या पाण्यात विरघळवून निदान अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते, मग सोबत आलेल्या गाळणीतून ते डेक्स्ट्रोजमध्ये ओढायचे आणि साधारण दोन तासांत सोडायचे. दोन्ही औषधे एकाच वॉर्डात असतील तर कपाटाच्या दारावर हे दोन ओळींत मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावे. रात्रपाळीला आलेल्या नव्या सिस्टरला विचारायला कोणी जवळ नसते.

फोनवर आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: नुसत्या गोल पेशी दिसतात, की धाग्यांसारखी वाढही दिसते? धागे दिसत असतील तर फ्युजेरियम किंवा ट्रायकोस्पोरॉन या वेगळ्या बुरशी मनात आणाव्या लागतात. या दोन्हींवर एकायनोकॅन्डिन चालत नाही. असा निरोप आला तर लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन किंवा व्होरिकोनाझोल यांचा निर्णय तज्ज्ञांशी बोलून लगेच घ्यावा.

लाइन काढणे

कॅन्डिडा प्लास्टिकवर थर धरतो आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. म्हणून सेंट्रल लाइन शक्य तितक्या लवकर, शक्यतो त्याच दिवशी काढावी. जुन्या लाइनमधून तार घालून त्याच जागी नवी बसवणे म्हणजे तोच थर नव्या नळीला चोपडणे होय. नवी लाइन नव्या जागी हवी. रक्तदाब स्थिर असेल तर मधला एखादा दिवस परिघीय शिरांवर भागवून मगच नवी लाइन घालावी. भाजलेल्या रुग्णात हे सांगायला सोपे आणि करायला अवघड आहे, कारण न भाजलेल्या जागा मोजक्याच असतात आणि त्यांतल्या दोन-तीन आधीच वापरून झालेल्या असतात. अशा वेळी जागांचा एक साधा नकाशा रुग्णाच्या फायलीत ठेवावा: कोणती शीर कधी वापरली, किती दिवस, का काढली. धमनीतील नळी आणि डायलिसिसची नळी यांनाही हाच न्याय लावावा. ज्या रुग्णाची लाइन अपघाताच्या रात्री दुसऱ्या दवाखान्यात घाईगर्दीत घातली गेली असेल, तिची तर ४८ तासांच्या आत आपण होऊनच बदली करावी. बुरशी येण्याची वाट पाहू नये.

काढलेल्या जागी शीर दोरीसारखी कडक लागते का, दाबल्यावर पू येतो का, हे बोटांनी तपासावे. भाजलेल्या रुग्णात शिरेतच पू होऊन गाठ धरणे ही जुनी, ओळखीची आणि तरीही नजरेतून निसटणारी गोष्ट आहे. डॉपलर सोनोग्राफी करावी, आणि पू असेल तर ती शीर शस्त्रक्रियेने काढावी लागते. तोपर्यंत कितीही चांगले औषध दिले तरी कल्चर पॉझिटिव्ह येत राहते.

जखमेकडे पुन्हा पाहणे

बर्न रुग्णात ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि इतर अतिदक्षता विभागांच्या सवयीने काम करणारे नेमकी हीच गाळतात. रक्तात बुरशी आल्यावर पुढच्याच ड्रेसिंगला शल्यचिकित्सक स्वतः टेबलापाशी हजर असावेत, सर्व पट्ट्या सोडाव्यात आणि उजेड भरपूर असावा. काय पाहायचे? कालपर्यंत गुलाबी असलेल्या भागात तपकिरी, काळा किंवा जांभळट डाग. वरवर भाजलेली जागा अचानक खोल झालेली. मृत त्वचेची खपली अपेक्षेपेक्षा लवकर सुटू लागलेली आणि तिच्याखालची चरबी फिकट, कोरडी, रक्त न येणारी. बसवलेले त्वचेचे कलम कडेने वितळत चाललेले. जखमेभोवतीच्या चांगल्या त्वचेवर सूज आणि लाली. न भाजलेल्या त्वचेवर छोट्या लालसर गाठी किंवा मध्ये काळा ठिपका असलेले फोड उठले असतील तर बुरशी रक्तातून तिथे पोचली आहे असे समजून त्यांचीही बायोप्सी घ्यावी.

जखमेवर फिरवलेला कापसाचा बोळा इथे पुरत नाही, कारण पृष्ठभागावर बुरशी असणे आणि ती जिवंत ऊतीत शिरणे यांत रुग्णाच्या जगण्यामरण्याचे अंतर असते. डागाच्या कडेला, चांगला आणि बिघडलेला भाग दोन्ही येतील असा, खालच्या चरबीपर्यंतचा तुकडा घ्यावा. त्याचे दोन भाग करावेत: एक फॉर्मॅलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चरला. दुसरा भाग चुकून फॉर्मॅलिनमध्ये गेला तर कल्चर संपले. म्युकर (म्युकरमायकोसिस करणारी बुरशी) असल्याचा संशय असेल तर प्रयोगशाळेला तसे लिहून कळवावे, कारण त्या बुरशीचे धागे तुकडा वाटला की मरतात. तो बारीक कापूनच पेरावा लागतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये केलेली तपासणी तासाभरात उत्तर देऊ शकते आणि शस्त्रक्रियागृहाची तयारी तेवढ्यावर सुरू करता येते.

ऊतीत शिरलेली बुरशी आढळली तर मृत भाग रक्त येणाऱ्या थरापर्यंत कापून काढणे हाच मुख्य उपचार आहे, औषध त्याच्या मदतीला असते. अ‍ॅस्परजिलस आणि म्युकर या बुरशी रक्ताच्या कल्चरमध्ये जवळपास कधीच उगवत नाहीत, त्यामुळे कल्चर निगेटिव्ह आहे या दिलाशावर जखम सोडून देणे धोक्याचे. फ्युजेरियम मात्र रक्तातही सापडतो. अ‍ॅस्परजिलससाठी व्होरिकोनाझोल, पहिल्या दिवशी किलोमागे ६ मिग्रॅ दर बारा तासांनी आणि नंतर ४ मिग्रॅ. म्युकरसाठी लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन किलोमागे ५ ते १० मिग्रॅ. व्होरिकोनाझोलचा म्युकरवर काहीही उपयोग नाही, हे २०२१ च्या म्युकरमायकोसिसच्या लाटेत महाराष्ट्राने पुरेसे पाहिले आहे. पुण्यात जून ते सप्टेंबर दमट हवा, ओल धरलेल्या भिंती आणि शेजारी चाललेले बांधकाम यांमुळे बुरशीचे बीजाणू हवेत भरपूर असतात. बर्न वॉर्डाच्या खिडक्या, एसीच्या गाळण्या आणि छतावरची ओल या काळात दर आठवड्याला पाहिली जावी.

उघडी जखम राहिली की संसर्ग परत येतो. पुरेशी स्वतःची त्वचा नसेल तर त्वचापेढीतून मिळणाऱ्या दान केलेल्या त्वचेने तात्पुरते झाकता येते. जिथे आधीच पहिल्या आठवड्यात मृत त्वचा काढून कलम केले जाते तिथे हा सारा प्रसंगच कमी वेळा येतो, असे माझे ठाम मत आहे.

जात कळल्यावर

भारतातील २७ अतिदक्षता विभागांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस सर्वांत जास्त, सुमारे ४२ टक्के, आढळला होता. पाश्चात्त्य पुस्तकांत अल्बिकन्स पहिला असतो. अल्बिकन्स किंवा ट्रॉपिकॅलिस असेल, फ्लुकोनाझोलला संवेदनशील असेल, रुग्ण स्थिर असेल आणि नंतरची कल्चर निगेटिव्ह असतील तर पाच ते सात दिवसांनी फ्लुकोनाझोलवर येता येते: पहिला डोस ८०० मिग्रॅ, मग रोज ४०० मिग्रॅ. आतडे चालू असेल तर नळीतून दिलेले फ्लुकोनाझोलही चांगले शोषले जाते. ग्लॅब्राटा असेल तर संवेदनशीलता अहवाल हातात आल्याशिवाय बदलू नये. क्रुसेई फ्लुकोनाझोलला जन्मतःच दाद देत नाही. पॅराप्सिलोसिस लाइन व शिरेवाटे दिलेले पोषण यांच्याशी बांधलेला असतो. एकायनोकॅन्डिनवर रुग्ण सुधारत असेल आणि कल्चर निगेटिव्ह झाले असेल तर तेच चालू ठेवावे.

कॅन्डिडा ऑरिसचे प्रकरण वेगळे आहे. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून पहिल्यांदा ओळखली गेलेली ही बुरशी २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत सर्वाधिक धोक्याच्या गटात आहे. बहुतेक ऑरिस फ्लुकोनाझोलला दाद देत नाहीत, काही अ‍ॅम्फोटेरिसिनलाही नाहीत. सुरुवात एकायनोकॅन्डिननेच करायची. जुनी स्वयंचलित यंत्रे तिला हीम्युलोनी ही जवळची जात समजतात, म्हणून अहवालात कॅन्डिडा हीम्युलोनी दिसले की मॅल्डी-टॉफवर (प्रथिनांवरून जंतू ओळखणाऱ्या यंत्रावर) पुन्हा ओळख करून घ्यावी. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, ही आपल्या शहराची अभिमानाची गोष्ट आहे. रुग्णांतील शंकास्पद बुरशीची संदर्भ तपासणी मात्र चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या कवकशास्त्र विभागाकडे पाठवली जाते.

मात्रा पुरते आहे का

मोठे भाजलेल्या रुग्णात औषध शरीरात दूरवर पसरते, जखमेतून झिरपून जाते, आणि मूत्रपिंड जोमात असतील तर झपाट्याने बाहेरही पडते. क्रिॲटिनिन ०.४ किंवा ०.५ दिसले की मूत्रपिंड उत्तम आहेत म्हणून समाधान वाटते, पण फ्लुकोनाझोलसाठी ती धोक्याची सूचना आहे: नेहमीची मात्रा कमी पडत असेल. अशा रुग्णाला किलोमागे १२ मिग्रॅ द्यावे लागू शकते. मायकाफंजिनचे १०० मिग्रॅही मोठ्या भाजण्यात अपुरे ठरू शकते, म्हणून १५० ते २०० मिग्रॅ देण्याकडे अनेक तज्ज्ञांचा कल असतो. व्होरिकोनाझोलची रक्तातील पातळी मोजल्याशिवाय ते देणे म्हणजे अंधारात चालणे. पुढच्या डोसच्या आधीची पातळी लिटरमागे १ ते ५.५ मिग्रॅ हवी.

अ‍ॅझोल देताना वेदनाशामक व झोपेची औषधे विसरू नयेत. फेन्टानिल आणि मिडाझोलम यांचा परिणाम अ‍ॅझोलमुळे लांबतो, आणि ड्रेसिंगच्या वेळी नेहमीचा डोस दिलेला रुग्ण तासन् तास जागा होत नाही. अ‍ॅम्फोटेरिसिनवर पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिॲटिनिन रोज पाहावे; हृदयाला झेपत असेल तर आधी अर्धा ते एक लिटर सलाइन वेगळ्या वेळी देऊन मूत्रपिंडाचे रक्षण करता येते.

रोजचे कल्चर आणि दिवसांची मोजणी

उपचार सुरू झाल्यावर रोज किंवा एक दिवसाआड रक्ताचे कल्चर पाठवावे, निगेटिव्ह येईपर्यंत. चौदा दिवस औषधाच्या पहिल्या डोसापासून मोजायचे नसून पहिल्या निगेटिव्ह कल्चरच्या तारखेपासून मोजायचे असतात. ती तारीख फायलीच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहावी, नाहीतर पाळी बदलली की मोजणी हरवते. चौदा दिवसही तेव्हाच पुरेसे, जेव्हा रुग्णाची लक्षणे गेली आहेत आणि डोळे, हृदय, हाडे यांत संसर्ग नाही.

पहिल्या आठवड्यात बाहुली मोठी करून नेत्रतज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्यावा. चेहरा भाजलेला असेल तर पापण्या सुजून मिटलेल्या असतात आणि तपासणी पुढे ढकलली जाते. सूज उतरेपर्यंत निदान सोनोग्राफी करून घ्यावी आणि पापण्या उघडताच खरी तपासणी करावी. डोळ्यात संसर्ग असेल तर एकायनोकॅन्डिन पुरत नाही, कारण ती औषधे डोळ्यात, मेंदूत आणि लघवीत पुरेशी पोचत नाहीत. योग्य औषध आणि लाइन काढल्यानंतरही तीन ते पाच दिवसांनी कल्चर पॉझिटिव्हच असेल तर इको करावा, शिरा पुन्हा चाचपाव्यात, जखम पुन्हा उघडून पाहावी, मात्रा तपासावी आणि लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन किलोमागे ३ ते ५ मिग्रॅवर जावे.

याच काळात प्रतिजैविकांची यादी कमी करावी. शिरेवाटे पोषण थांबवून नळीचे अन्न पूर्ववत करावे, साखर १८० च्या आत ठेवावी.

शेजारच्या खाटेचे रक्षण

ऑरिस सापडला तर रुग्ण स्वतंत्र खोलीत हलवावा, हातमोजे व गाऊन वापरावा, आणि शेजारच्या रुग्णांच्या काखेतील व जांघेतील नमुने घ्यावेत. ती जागा भाजलेली असेल तर जखमेतून. हात अल्कोहोल रबने धुतले तरी चालतात. फरशी, खाट, मॉनिटर यांसाठी मात्र क्लोरीनयुक्त द्रावण लागते. वॉर्डात नेहमी वापरली जाणारी क्वाटर्नरी अमोनियमची द्रावणे ऑरिसला पुरेशी पडत नाहीत. ऑक्सफर्डमधील एका अतिदक्षता विभागातली साथ काखेत लावायच्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या तापमापक प्रोबमुळे पसरली होती. आपल्याकडे रक्तदाबाचा कफ, ड्रेसिंगची ट्रॉली आणि अंघोळीचे टेबल यांवर तेच लक्ष हवे. कफ प्रत्येक रुग्णाचा वेगळा असावा, टेबल प्रत्येक ड्रेसिंगनंतर क्लोरीनने पुसून पूर्ण वाळू द्यावे आणि ऑरिस असलेल्या रुग्णाचे ड्रेसिंग दिवसाच्या शेवटी घ्यावे.

सुट्टी देताना

डिस्चार्ज कार्डावर बुरशीचे नाव, संवेदनशीलता, पहिल्या निगेटिव्ह कल्चरची तारीख, औषध थांबवल्याची तारीख आणि डोळ्यांच्या तपासणीचा निकाल हे सगळे लिहावे. ऑरिस असेल तर ते ठळक लिहावे, कारण हा रुग्ण पुढे कलमासाठी, आखडलेल्या सांध्यांच्या शस्त्रक्रियेसाठी वेगवेगळ्या दवाखान्यांत जाणार आहे आणि ऑरिस त्वचेवर महिनोन् महिने राहू शकते. घरच्यांना मराठीत, कागदावर, तीन लक्षणे लिहून द्यावीत: पुन्हा ताप, नजर धूसर होणे किंवा डोळ्यांपुढे ठिपके तरंगणे, आणि आठवड्यांनी सुरू झालेली, रात्री वाढणारी पाठदुखी. यांतील काहीही जाणवले तर भाजलेल्या जखमेच्या पुढच्या तारखेपर्यंत न थांबता त्याच आठवड्यात यावे, सोबत डिस्चार्ज कार्ड आणावे, आणि आल्यावर पहिल्यांदा रक्ताचे कल्चर घ्यावे, मग बाकीचे औषध.